मागे ठेवलेला पडदा

परभणीकडच्या पाथरी, मानवत, सेलू या पट्ट्यातल्या ज्या माणसांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन १९७५च्या आसपास झालं, त्यांचा मोतीबिंदू सहसा ‘परत’ आला नाही. ज्यांचं १९९८ साली झालं, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा आला. मधल्या काळात ऑपरेशन बिघडलं नव्हतं, उलट कितीतरी सुधारलं होतं. डोळ्याच्या आत भिंग बसू लागलं, नाकावरचा जाड चष्मा गेला, आठवडाभर उताणं पडून राहणं संपलं. पण दोन-तीन वर्षं लख्ख दिसल्यावर पुन्हा धुरकट दिसायला लागे आणि घरात एकच निष्कर्ष निघे : डॉक्टरनं नीट काढला नाही, मुळासकट निघाला नाही. डॉक्टरवरचा हा आळ अन्यायाचा होता, तरी अगदीच निराधार नव्हता. डोळ्यात काहीतरी मागे राहिलं होतं हे खरं, फक्त ते हलगर्जीपणानं राहिलेलं नव्हतं, मुद्दाम ठेवलेलं होतं. ते का ठेवलं आणि पुढं लेझरनं का फोडावं लागलं, याची ही हकीकत.

पाथरीचं नाव अलीकडं वर्तमानपत्रात येतं ते साईबाबांच्या जन्मस्थानाच्या वादामुळं. २०२० साली त्यावरून शिर्डी बंद राहिली होती. पण गाव जुनं आणि एकेकाळी वजनदार होतं. अहमदनगरच्या निजामशाहीच्या मूळ पुरुषाचं घराणं पाथरीच्या कुलकर्ण्यांचं, असं इतिहासकार फेरिश्ता सांगतो, आणि म्हणूनच अहमदनगरकर या गावासाठी वऱ्हाडच्या इमादशाहीशी भांडले. अकबराच्या काळात पाथरी हे वऱ्हाड सुभ्यातलं एक सरकार, म्हणजे आजच्या भाषेत जिल्ह्याचं ठाणं होतं. पुढं मुलूख हैदराबादच्या निजामाकडं गेला, सप्टेंबर १९४८पर्यंत तिथंच राहिला, आणि पाथरी तालुक्याचं गाव होऊन बसलं. राजधानी हैदराबादेत, मोठा दवाखाना हैदराबादेत. गोदाकाठच्या शेतकऱ्याला दिसेनासं झालं की तो ओसरीवर बसे आणि नातवंडाच्या खांद्याला धरून परसाकडं जाई. म्हातारपण म्हणजे हेच, असं सगळ्यांनी धरलेलं.

ज्यांना ते मान्य नसे त्यांच्यासाठी गावोगाव फिरणारे सुईवाले होते. त्यांची विद्या फार जुनी. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात तिचा तपशील आहे : रोग्याला स्वतःच्या नाकाकडं बघायला सांगायचं, बुबुळाच्या बाजूनं पांढऱ्या भागातून जवाच्या टोकाची शलाका आत घालायची, डोळ्यावर आईचं दूध शिंपडायचं. यात मोतीबिंदू बाहेर निघत नाही, तो फक्त ढकलून डोळ्याच्या तळाशी पाडला जातो. बाहुली मोकळी झाली की त्याच घटकेला दिसायला लागतं, आणि सुईवाला पैसे घेऊन पुढच्या गावाला निघतो. मद्रासच्या सरकारी नेत्र रुग्णालयाचे प्रमुख राहिलेले रॉबर्ट हेन्‍री एलियट यांनी हिंदुस्थानातल्या या पद्धतीवर १९१७ साली लंडनमध्ये व्याख्यानं दिली, मग त्यांचं पुस्तक काढलं. अशा डोळ्यांचं पुढं काय होतं याचा त्यांनी पाठपुरावा केला होता. पू, सूज, वाढलेला दाब. टिकलेले डोळे फार थोडे. सुईवाला परत त्या गावात का येत नसे, हे त्यावरून कळतं.

सुईवाल्यांच्याच काळात, पण एलियट यांच्या बरंच आधी, एक मराठी राजा मात्र वेगळ्या वाटेनं गेला. तंजावरचे दुसरे सरफोजी भोसले यांना डोळ्यांच्या रोगांचा नाद होता. त्यांच्या धन्वंतरी महालात तपासलेल्या नेत्ररोग्यांच्या नोंदी, सोबत रंगीत चित्रं, आजही सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुग्णाचा कागद ठेवण्याची ही शिस्त युरोपातसुद्धा सरसकट नव्हती. तंजावर पाथरीपासून शेकडो कोस दूर, तेव्हा त्याचा इकडं काही उपयोग झाला नाही, पण मराठीत डोळ्यांच्या वैद्यकाचा इतिहास लिहायचा तर सरफोजींना वगळून चालणार नाही.

मोतीबिंदू ढकलण्याऐवजी बाहेर काढण्याचं श्रेय फ्रान्सच्या झाक दाविएलला जातं. साल १७४७. डोळ्यातलं नैसर्गिक भिंग द्राक्षासारखं समजा : बाहेर अत्यंत पातळ साल, आत गर. दाविएलनं पुढची साल फोडली, गढुळलेला गर काढला, आणि मागची साल जागेवर सोडली. लगेच एक गोष्ट लक्षात आली की मागं राहिलेली साल काही काळानं स्वतःच गढुळते. म्हणजे ज्याला आपल्याकडं लोक मोतीबिंदू परत येणं म्हणतात, तो प्रकार शस्त्रक्रियेइतकाच जुना आहे. तेव्हा उपाय एकच : पुन्हा डोळ्यात सुई घालायची आणि तो पडदा चिरायचा. एकदा चिरलेला डोळा परत उघडायचा म्हणजे जंतुसंसर्गाला दुसऱ्यांदा आमंत्रण.

त्यावर वैद्यकानं काढलेला तोडगा रांगडा होता. सालच ठेवायची नाही. अख्खं द्राक्ष सालीसकट बाहेर काढायचं. विसाव्या शतकाच्या आरंभी जालंधरला असलेल्या हेन्‍री स्मिथ या लष्करी डॉक्टरनं हे हजारो डोळ्यांवर केलं, बाहेरून दाब देऊन भिंग सालीसह सरकवत. ऑपरेशन करताना तोंडात सिगार असे, असं सांगतात. त्याचं काम बघायला अमेरिकेतून डॉक्टर जालंधरला येत. पुढं १९६१च्या सुमारास पोलंडच्या क्‍रवावित्झ यांनी गोठवणारी सळई आणली. तिचं टोक भिंगाला टेकवलं की ते तिला चिकटतं आणि सबंध निघून येतं. पडदा नाही, म्हणून पडद्याचा आजारही नाही.

मराठवाड्यात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणावर पोहोचली ती या रूपात. औरंगाबादचं वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली निघालं. अंबाजोगाईचं सत्तरच्या दशकात आलं. पण गावकऱ्याची गाठ डॉक्टरशी पडे ती शिबिरात. शिबिरं थंडीत भरत. उन्हाळ्यात टाका पिकतो, ही समजूत आजही पाथरीकडं ऐकू येते. दिवाळी झाल्यावर बघू म्हणून माणसं डोळा लांबवतात. शाळेचे वर्ग रिकामे करायचे, सतरंज्यांवर ओळीनं रुग्ण निजवायचे, एका खोलीत चुना मारून, टेबलं लावून ऑपरेशन थिएटर करायचं. सूक्ष्मदर्शक नसायचा; डॉक्टर डोळ्याला भिंगाचा चष्मा लावून, बॅटरीच्या उजेडात काम करत. म्हणून मोतीबिंदू पूर्ण पिकलेला, पांढराफटक झालेला लागे. अर्धवट दिसणाऱ्याला ‘अजून पिकला नाही’ म्हणून पुढच्या वर्षी बोलावलं जाई, आणि ते वर्ष तो माणूस ओसरीवर काढी.

बुबुळाच्या कडेनं जवळजवळ अर्धं वर्तुळ कापलं जाई. एवढी जखम भरायची म्हणजे दोन्ही डोळ्यांना पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, खोकायचं नाही, वाकायचं नाही, चावून खायचं नाही. पातळ शिरा आणि पेज. तंबाखूची मिश्री लावायची सवय असलेल्या बायकांचे तर हालच. सून किंवा मुलगी उशाशी बसून राही, कारण पट्टीखाली हात जाऊ द्यायचा नसे.

एवढं करून मिळे काय? दहा नंबरच्या आसपासचा, मध्ये फुगीर भिंगांचा चष्मा. त्यातून जग पावपटीहून मोठं दिसतं. चौकट वाकडी दिसते, जिन्याची पायरी आहे तिथं नसते, पाण्याचा तांब्या धरायला हात पुढं केला तर हात आधीच थांबतो. भिंगाच्या कडेला एक आंधळं कडं असतं. बाजूनं येणारा बैल त्या कड्यात अदृश्य होतो आणि एकदम समोर उभा ठाकतो. एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालेलं असेल आणि दुसरा बरा असेल तर लहान-मोठी अशी दोन चित्रं जुळतच नाहीत. चष्मा फुटला की माणूस पुन्हा आंधळा. आणि चष्मा फुटतोच, वेचणीला वाकलं की पडतो, नातवाच्या हाती लागतो. तरीही ज्याला काहीच दिसत नव्हतं त्याच्या लेखी ते नवल होतं. या जाड चष्म्यांची आज टिंगल होते, ती मला पटत नाही. एका पिढीनं त्यातूनच नातवंडांची तोंडं पाहिली.

आता या सगळ्याला समांतर चाललेली दुसरी गोष्ट. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरोल्ड रिडली नावाचे नेत्रशल्यविशारद होते. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचेचे, म्हणजे पर्स्पेक्स प्लॅस्टिकचे, तुकडे घुसत. हे तुकडे डोळा निमूट सहन करतो, असं त्यांनी पाहिलं होतं. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी त्यांनी त्याच जातीच्या प्लॅस्टिकचं भिंग एका रुग्णाच्या डोळ्यात बसवलं. सहकाऱ्यांनी त्यांना वेड्यात काढलं. पुढची वीस-पंचवीस वर्षं त्यांची उपेक्षाच झाली. पण त्यांच्या ऑपरेशनात एक अट होती. कृत्रिम भिंग टेकणार कशावर? मागच्या सालीवर. ती काढून टाकली तर भिंग तळाला जाईल. म्हणून रिडलींनी दाविएलची दोनशे वर्षांची जुनी रीत पुन्हा हाती घेतली : गर काढा, मागचा पडदा ठेवा. पडद्यासोबत त्याचं गढुळणंही परत आलं. रिडलींच्या पहिल्या काही रुग्णांनाच त्याचा त्रास झाला.

हा सौदा भारतात यायला चाळीस वर्षं लागली. १९७६ साली सरकारनं राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्याच वर्षी मदुराईला गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी ११ खाटांचं अरविंद नेत्र रुग्णालय काढलं. १९८६ ते ८९ या काळातल्या देशव्यापी पाहणीत अंधत्वाचं प्रमाण लोकसंख्येच्या १.४९ टक्के भरलं, आणि त्यातलं सुमारे ८० टक्के मोतीबिंदूमुळं होतं. शिबिरांची गती पुरेना, आणि त्यांची भीतीही वाटायला लागली. १९८६ साली उत्तर प्रदेशात खुर्जा इथल्या शिबिरात कित्येकांचे डोळे गेले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं. मग १९९४-९५ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जावर मोतीबिंदू अंधत्व नियंत्रण प्रकल्प सात राज्यांत आला, त्यांत महाराष्ट्र होता. शाळेतल्या टेबलावरून ऑपरेशन रुग्णालयात न्यायचं, सूक्ष्मदर्शकाखाली करायचं, आणि डोळ्यात भिंग बसवायचं, हे त्याचं सूत्र. सर्जनांना पुन्हा शिकायला पाठवलं. भिंग परदेशी असतं तर हे जमलं नसतं. १९९२ साली मदुराईच्या ऑरोलॅबनं कितीतरी पट स्वस्त देशी भिंग काढलं होतं, म्हणून जमलं. दशकाच्या सुरुवातीला शंभरात मोजक्याच डोळ्यांत भिंग बसे. पुढच्या दशकाच्या मध्यावर दहात नऊ डोळ्यांत बसायला लागलं. आपल्या सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेत एवढा पालट इतक्या कमी वर्षांत फार वेळा झालेला नाही, हे सरकारला शिव्या घालताना आपण विसरतो.

मराठवाड्यात या पालटाचा चेहरा म्हणजे डॉ. तात्याराव लहाने. रेणापूर तालुक्यातल्या माकेगावचा शेतकऱ्याचा मुलगा. पाथरीहून गोदावरी ओलांडून दक्षिणेला गेलं की अंबाजोगाई, तिथल्या नेत्रविभागात त्यांनी उमेदीची वर्षं काढली, मग मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात गेले. २००८ साली पद्मश्री मिळाली. जालन्याचं गणपती नेत्रालय, उदगीरचं लायन्सचं नेत्र रुग्णालय अशा संस्थांनी गावोगावहून गाड्या भरून रुग्ण नेले आणि परत आणून सोडले. पाथरी ते परभणी रस्ता मानवतवरून जातो, एसटीनं दीड तासाच्या आतबाहेर. पूर्वी जिथं आठवडा मोडायचा तिथं दोन दिवसांत माणूस हिरवी पट्टी किंवा काळा चष्मा लावून घरी.

आणि मग दोन-तीन वर्षांनी धुरकट.

होतं असं. गर काढताना सालीच्या कडेला, चाकाच्या धावेला असावा तसा पेशींचा एक पट्टा उरतो. कितीही पुसा, काही पेशी राहतातच. नैसर्गिक भिंगाला जन्मभर नवे धागे पुरवणं हे त्यांचं काम. भिंग गेलं हे त्यांना कळत नाही. त्या मागच्या पडद्यावरून मध्याकडं सरकत जातात, फुगतात, त्यांचे मण्यांसारखे घोस होतात. प्रागचे डॉक्टर एल्श्निग यांचं नाव त्या मण्यांना आहे. मूळ पडद्याची जाडी मध्यभागी सुमारे ४ मायक्रॉन, डोक्याच्या केसाच्या पंधराव्या-विसाव्या हिश्श्याएवढी. पण त्यावर ही वाढ आली किंवा त्याला सुरकुत्या पडल्या की दिव्याभोवती कडी दिसतात, उन्हात डोळे दिपतात, पोथीचं अक्षर फुटतं. १९९८ साली जगभरचे अभ्यास एकत्र करून काढलेला अंदाज असा : ऑपरेशननंतर एका वर्षात सुमारे १२ टक्के, तीन वर्षांत २१ टक्के, पाच वर्षांत २८ टक्के डोळ्यांत हे होतं. महाराष्ट्रात लाखोंनी भिंगं बसत होती. त्यातले चौथाई परत धुरकट होणार, हे गणित कोणाच्याही फळ्यावर लिहिलेलं नव्हतं. उद्दिष्टं असत ती ऑपरेशनच्या आकड्यांत.

यावरचा उपाय तोवर जगात तयार होता. नियोडिमियम-यॅग या स्फटिकाचं लेझर १९६४ साली अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत जन्मलं, ते काही डोळ्यांसाठी नव्हे. मॉस्कोचे क्रास्नोव्ह सत्तरच्या दशकात लेझरच्या छोट्या स्पंदनांनी डोळ्यातले पडदे भेदून बघत होते. १९८०-८१ मध्ये पॅरिसच्या दानिएल आरों-रोझा आणि बर्नचे फ्रान्झ फांकहाउझर या दोघांनी, एकमेकांपासून वेगळं काम करत, यॅग लेझरनं मागचा पडदा उघडून दाखवला. यातली गंमत अशी की हे लेझर जाळत नाही. १०६४ नॅनोमीटरचा अदृश्य अवरक्त किरण सेकंदाच्या अब्जांश हिश्श्यांत एका बिंदूवर एकवटतो. ऊर्जा एक-दोन मिलिज्यूल, म्हणजे नगण्य, पण जागा आणि वेळ इतकी कमी की त्या बिंदूवर पदार्थाचा प्लाझ्मा होतो, सूक्ष्म स्फोट होतो आणि त्या धक्क्यानं पडदा फाटतो. पुढचं बुबुळ आणि भिंग पारदर्शक, किरण त्यांतून नुसता निघून जातो. दोनशे वर्षं जी सुई डोळ्यात घालावी लागत होती, ती घालण्याची गरज संपली.

यंत्र दिसायला नेहमीच्या तपासणीच्या यंत्रासारखंच. बाहुली मोठी करणारं औषध घालून अर्धा-पाऊण तास बाकावर बसवतात. मग सुन्न करणारा थेंब. ‘आजी, हनुवटी इथं टेका, कपाळ पट्टीला लावा. मागं सरकू नका. समोर बघा.’ बरेचदा डोळ्यावर जेल लावून एक भिंग धरतात, म्हणजे पापणी मिटत नाही. डॉक्टरला दोन लाल ठिपके दिसतात. ते पडद्यावर एक झाले की नेम बसला. तो किंचित मागं धरायचा, नाहीतर आतल्या प्लॅस्टिकच्या भिंगाला खड्डा पडतो. मग टक्. पुन्हा टक्. बहुतेक डॉक्टर फुलीच्या आकारात फोडत जातात, ताणलेला पडदा आपोआप चार बाजूंना मागं ओढला जातो आणि तीन-चार मिलिमीटरची जागा मोकळी होते. पाच मिनिटं. दुखत नाही, कापत नाही, पट्टी नाही. आजी विचारते, ‘झालं?’ आणि पैसे याचेच का, असा चेहरा करते. तासाभरानं डोळ्याचा दाब मोजतात, कारण तो काहींत चढतो. चार दिवस डोळ्यासमोर डास उडाल्यासारखं होतं. क्वचित नेत्रपटल सुटतं, म्हणून एकदम काळा पडदा आला किंवा विजा चमकल्या तर धावत यायला सांगतात.

घोटाळा एका शब्दानं वाढवला. मूळ ऑपरेशनलाच लोक ‘लेझरनं काढला’ म्हणतात. फेको नावाच्या पद्धतीत, जी अमेरिकेच्या चार्ल्स केलमननं १९६७ साली आणली, भिंग फुटतं ते ध्वनिलहरींनी. लेझर तिथं नसतं. मग नंतर डॉक्टर लेझर मारायचं म्हणाला की घरचे भडकतात : आधी मारलं ते काय होतं? त्यामुळं कित्येक जण डोळा तसाच ठेवतात. पाथरीच्या म्हाताऱ्याला तर परभणी किंवा जालना गाठायचं, सोबतीला मुलानं रोज बुडवायचा, तेही ‘परत आलेल्या’ मोतीबिंदूसाठी. ऑपरेशनच्या वेळीच, कागदावर आणि तोंडी, ‘दोन-तीन वर्षांनी पडदा येऊ शकतो, तो पाच मिनिटांत निघतो’ एवढं वाक्य सांगितलं गेलं असतं तर ही अढी बसली नसती. गर्दीच्या दिवशी ते वाक्य सर्वांत आधी गळतं.

पडदा कमी यावा म्हणून भिंगही बदललं. नव्वदच्या दशकात ॲक्रिलिकची घडी घालता येणारी, धारदार चौकोनी कडेची भिंगं आली, आणि जपानच्या ओकिहिरो निशी यांनी दाखवलं की ती काटकोनी कडच पेशींना अडवते. पडद्याचं प्रमाण बरंच उतरलं. फुकट ऑपरेशनात मात्र बराच काळ टणक, गोल कडेची भिंगं चालली. स्वस्तातलं ऑपरेशन कमी दर्जाचं असतं असा मात्र अर्थ काढू नये. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात डॉ. परीक्षित गोगटे आणि सहकाऱ्यांनी ४०० रुग्णांवर फेको आणि बिनयंत्राची छोट्या छेदाची पद्धत यांची तुलना केली, २००५ साली ती प्रसिद्ध झाली. सहा आठवड्यांनी चष्म्यासह दिसणं दोन्हीकडं जवळजवळ सारखंच निघालं.

पडदा एकदा लेझरनं उघडला की सहसा पुन्हा येत नाही, कारण पेशींना सरकायला जमीनच उरत नाही. अपवाद लहान मुलांचा. जन्मतः मोतीबिंदू असलेल्या बाळाच्या पेशी इतक्या जोमात वाढतात की पडदा येणं जवळपास ठरलेलंच, आणि वर्षा-दीड वर्षाचं मूल यंत्रापुढं हनुवटी टेकून बसत नाही. म्हणून अशा बाळांत सर्जन पहिल्याच ऑपरेशनात मागच्या पडद्याचा मधला भाग स्वतःच्या हातानं कापून ठेवतात.